सोनारीला जाणाऱ्याने गावाला काय द्यावे?

पर्यावरणपूरक पर्यटन म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सह्याद्रीतले एखादे धुक्यातले गाव येते, नाहीतर ताडोबाच्या वेशीवरची बांबूची खोली. धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यातले सोनारी कुणाला आठवत नाही. इथे जंगल नाही, धबधबा नाही, थंड हवा तर नाहीच. आहे ते काळभैरवनाथाचे जुने देऊळ, त्याच्याभोवती वसलेले गाव आणि देवाची म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली माकडे. भैरवनाथ हे मराठवाड्यातल्या आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या असंख्य घरांचे कुलदैवत. चैत्रात यात्रा भरते, रथ निघतो, आणि एरवीही वर्षभर माणसांची ये-जा असते. लग्न झाले की जोडीने यायचे, मूल झाले की त्याला देवाच्या पायावर घालायचे, नवी गाडी घेतली की ती आधी इथे आणायची. ही माणसे स्वतःला पर्यटक म्हणवत नाहीत. पण घर सोडून, पैसे खर्चून, दुसऱ्याच्या गावात काही वेळ काढणाऱ्या माणसाचे त्या गावाशी जे नाते जुळते, तेच त्यांचेही जुळते. महाराष्ट्रातला सामान्य माणूस आयुष्यात जो प्रवास करतो, त्यातला मोठा भाग देवदर्शनाचाच असतो. म्हणून जबाबदार प्रवासाच्या गप्पा खऱ्या मानायच्या असतील, तर त्या सोनारीसारख्या गावात लागू पडतात का, हे तपासायला हवे.

२००२ साली दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये जबाबदार पर्यटनाचा एक जाहीरनामा मांडला गेला. त्याचा गाभा असा, की पर्यटनाने एखादी जागा आधी तिथे राहणाऱ्यांसाठी चांगली व्हावी आणि मग पाहायला येणाऱ्यांसाठी. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडच्या तीर्थक्षेत्र विकासात तो नेमका उलटा होतो. आराखडा येणाऱ्याचा विचार करून बनतो: रुंद रस्ता, वाहनतळ, सभामंडप, भक्तनिवास, पेव्हर ब्लॉक. हे सगळे नको असे कुणी म्हणणार नाही, यात्रेच्या दिवशी स्वच्छतागृह नसेल तर सगळ्यात जास्त हाल बायकांचे होतात. पण रस्ता गुळगुळीत झाला की भाविक लवकर येतो आणि तितक्याच लवकर निघून जातो. बार्शीहून किंवा करमाळ्याहून निघालेले कुटुंब दर्शन घेऊन, नारळ फोडून, माकडांना फुटाणे टाकून थोड्या वेळात परतीला लागते. जेवण डब्यातले किंवा वाटेतल्या ढाब्यावरचे, पाण्याच्या बाटल्या शहरातून आणलेल्या. मराठवाड्यात पाऊस पडत नाही असे नाही, पडलेले पाणी अडत नाही आणि जिरत नाही, हे दुखणे गेली कित्येक वर्षे सांगितले जाते. भाविकांच्या पैशाचेही तसेच आहे. माझे म्हणणे एवढेच, की सोनारीला आणखी गर्दीची गरज नाही. आलेल्या माणसाचा वेळ आणि पैसा गावात मुरेल आणि तो मागे जे टाकून जातो ते गावाला बाधणार नाही, अशी व्यवस्था हवी. ती गावाच्या हाती असली पाहिजे, आणि ती शक्य आहे.

देवाला जाणाऱ्या माणसाने या मुलखाचे अर्थकारण पूर्वीही घडवले आहे. बार्शी लाइट रेल्वे ही अरुंद मापाची रेल्वे १८९७ मध्ये बार्शी ते बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, अशी सुरू झाली. १९०६ मध्ये ती पंढरपूरपर्यंत गेली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. बार्शीचा कापूस आणि धान्य हे तिचे एक गिऱ्हाईक, आणि दुसरे पंढरीचे वारकरी. यात्रेकरूच्या तिकिटावरही चालणाऱ्या त्या गाडीने वर्षभर शेतमाल वाहिला, बाजारपेठा जोडल्या. यात्रेचा पैसा गावाच्या रोजच्या व्यवहाराला उपयोगी पडावा, ही कल्पना आपल्याकडे अशी जुनीच आहे.

आता माकडांकडे वळू, कारण सोनारीचा सगळा प्रश्न त्यांच्यात दिसतो. देवळाचे आवार, ओवऱ्या, शिखर, आजूबाजूच्या घरांची माळवदे आणि पत्रे, दुकानांच्या ताडपत्र्या, सगळीकडे ती वावरतात. गावाने त्यांना देवाचे मानले, म्हणून ती टिकली. ही श्रद्धा नसती तर शेतीप्रधान गावात एवढी मोठी टोळी कुणी राहू दिली नसती. जिल्ह्यातल्याच उपळे गावची गोष्ट २०२२ साली देशभर गाजली. तिथे ३२ एकर जमीन कागदोपत्री माकडांच्या नावे आहे, कुणी आणि कधी केली हे गावालाही सांगता येत नाही. पूर्वी लग्नकार्यात आधी माकडांना मान द्यायचा आणि मग पंगत बसवायची, अशी तिथली रीत. वनखात्याने त्या जमिनीवर झाडेही लावली आहेत. माणसाने जनावराचा वाटा आधी काढून ठेवायचा, ही शहाणपणाची समजूत या मातीत फार पूर्वीपासून आहे आणि पर्यावरणाच्या कुठल्याही आधुनिक धड्याच्या तोडीची आहे.

पण वाटा काढून ठेवणे वेगळे आणि गाडीच्या खिडकीतून बिस्किटाचा पुडा फेकणे वेगळे. देवस्थानांतल्या माकडांचा जगभर भरपूर अभ्यास झालेला आहे आणि त्यातून पुन्हा पुन्हा हेच दिसते, की माणसाच्या हातचे आयते, पिष्टमय आणि गोड अन्न मिळू लागले की माद्या लवकर वयात येतात, दोन पिलांमधले अंतर कमी होते आणि टोळी वाढत जाते. झाडावर विखुरलेला पाला, फळे, शेंगा खाताना टोळी पांगलेली असते. एका जागी पडलेल्या फुटाण्यांवर मात्र सगळी एकदम तुटून पडतात, मग दांडगे नर पुढे, लेकुरवाळ्या माद्या मागे, आणि चावाचावी. जे माकड आज हातातले घेते ते उद्या पिशवीतले हिसकावते, कारण पिशवीचा आवाज म्हणजे खाणे हे त्याला माणसानेच शिकवलेले असते. यात्रा सरली, गर्दी ओसरली, की वाढलेल्या टोळीची भूक तेवढीच राहते. ती भागवायला मग आसपासची शेते आणि गावातली स्वयंपाकघरे उरतात. म्हणजे दानाचे पुण्य येणाऱ्याचे आणि त्याची किंमत हरभरा, तूर, भुईमूग करणाऱ्या स्थानिक शेतकऱ्याची. जबाबदार प्रवासाला गावाचा फायदा अभिप्रेत आहे. इथे प्रवासी नकळत गावावर खर्च टाकून जातो.

आयत्या अन्नावर वाढलेल्या टोळीचे पुढे काय होते, हे थायलंडच्या लोपबुरी शहराने दाखवले. तिथल्या जुन्या देवळाभोवतीच्या माकडांसाठी १९८९ पासून दरवर्षी मोठी मेजवानी घातली जाऊ लागली. पर्यटक वाढले, माकडेही वाढली. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे पर्यटक यायचे थांबले आणि भुकेल्या टोळ्या भर रस्त्यात एकमेकींवर तुटून पडल्या. ती चित्रे जगाने पाहिली. पुढे दुकाने बंद पडली, रहिवासी घरे सोडू लागले आणि २०२४ मध्ये प्रशासनाला माकडे पकडून पिंजऱ्यात ठेवण्याची मोहीम काढावी लागली. महाराष्ट्रातली देवळेही मार्च २०२० मध्ये बंद झाली ती त्या वर्षीच्या दिवाळी पाडव्याला उघडली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा काही महिने बंद राहिली. ज्या ज्या देवस्थानात जनावरे भाविकांच्या हाताकडे पाहून जगतात, तिथे त्या काळाने एकच गोष्ट उघड केली: पाहुण्याच्या लहरीवर कुणाचेही पोट टांगून ठेवणे धोक्याचे आहे, मग ते माकड असो की दुकानदार.

उलट उदाहरण बालीतले आहे, आणि तेही हिंदू देवळांचे. उबूड गावाजवळचे माकडांचे वन पदांगतेगल या गावाच्या मालकीचे आहे. तिथे तीन देवळे आहेत आणि माकडे पवित्र मानली जातात. गावाने नेमलेले सेवक दिवसातून ठरलेल्या वेळी त्यांना खाऊ घालतात. मुख्य खाणे रताळी, जोडीला पाने आणि फळे. पाहुण्याने स्वतः काही खायला द्यायचे नाही. प्रवेशाचे तिकीट आहे आणि त्याचा पैसा गावाची मंडळी देवळांवर, वनावर आणि गावाच्या कामांवर खर्च करतात. बाली आणि परंडा यांत अंतर मोठे आहे, तिथे जगभरचे पर्यटक येतात, इथे बार्शी-करमाळ्याची कुटुंबे. पैशाची तुलना करूच नये. पण रीत घेण्यासारखी आहे, कारण तिच्यात माकडाला घालायचे की नाही हा वाद नाही. कुणी घालायचे, काय घालायचे आणि किती, हे गाव ठरवते.

इथे पहिला आक्षेप येणारच: माकडाला चार दाणे टाकणे हा भक्तीचा भाग आहे, त्यावर बंदी आणणारे तुम्ही कोण? आक्षेप रास्त आहे, आणि बंदीचा फलक लावून हे होणारही नाही. नुसत्या बंदीने लोक लपवून टाकतात, एवढेच. परंतु देवाला वाहायचे ते पुजाऱ्याच्या हाती देण्याची रीत आपल्याला नवी नाही. गाभाऱ्यात प्रत्येक जण स्वतः अभिषेक करत नाही. तो करवून घेतला तरी तो आपलाच असतो. तसेच माकडांच्या नावाने पावती फाडता येईल, आणि त्या पैशातून गावातला बचत गट ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, देवळापासून आणि रस्त्यापासून थोडे दूर, भिजवलेले हरभरे, काकडी, रताळी, हंगामातला भाजीपाला घालील. तो माल गावातल्याच शेतकऱ्याकडून घेतला तर दानाचा पैसा ज्याच्या शेताचे नुकसान झाले त्याच्या घरी जाईल. यात भक्ती कुठे कमी होते? उरलेला पैसा वड, पिंपळ, उंबर, चिंच, जांभूळ लावायला आणि जगवायला. उंबराला वर्षातून अनेकदा फळ येते आणि एका मोठ्या झाडावर एक टोळी काही दिवस सहज राहते. देवाच्या नावाने राखलेल्या देवराया महाराष्ट्राने सांभाळल्या आहेत, माकडांच्या नावाची जमीन जिल्ह्यातल्याच उपळे गावाने सांभाळली आहे. सोनारीला काही परके करायचे नाही.

एवढ्याने माकडांचे भागेल, पण माणसांचे काय? त्यासाठी भाविकाने थोडा जास्त वेळ थांबायला हवे, आणि थांबायला काहीतरी कारण हवे. कारणे भरपूर आहेत, ती एका माळेत कुणी ओवलेली नाहीत इतकेच. परंड्याचा भुईकोट किल्ला जवळ आहे. खोल खंदक, एकात एक तटबंदी आणि बुरुजांवर अजूनही पडून असलेल्या तोफा. अहमदनगर पडल्यावर मलिक अंबरने निजामशाहीची गादी काही काळ याच परंड्यात मांडली होती आणि विजापुरातली प्रसिद्ध मुलुख-ए-मैदान तोफही एकेकाळी इथेच होती. याच तालुक्यात सीना नदीच्या काठी डोमगावला समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ आहे. दासबोधाची कल्याणांच्या हातची प्रत म्हणून डोमगावचे नाव अभ्यासकांना माहीत आहे. खुद्द परंड्यात हंसराजस्वामींचा मठ. शेजारच्या भूम तालुक्यात कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र. म्हणजे शैव, समर्थ, जैन आणि दख्खनी मुसलमानी वास्तुकला असा चार परंपरांचा पट एका दिवसाच्या अंतरात आहे. सकाळी सोनारीचे दर्शन, दुपारी गावात जेवण, ऊन कलल्यावर परंडा, आणि जमल्यास एक मुक्काम, इतका साधा आराखडा आज कुणी भाविकापुढे ठेवत नाही. गावातल्या दोन-चार शिकलेल्या मुलामुलींना किल्ल्याचा आणि मठांचा नीट इतिहास शिकवला, तर वाटाड्याचे काम त्यांना गावातच मिळेल.

जेवणाच्या ताटापासूनच खरी गावची कमाई सुरू होते. ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी, पिठले, आमटी. शहरात 'मराठवाडी थाळी' या नावाने हे ताट चढ्या दराने मिळते, आणि ज्या गावात ज्वारी पिकते तिथे पाहुणा वेफर खाऊन जातो. भूम-कुंथलगिरी पट्ट्यातला खवा तर भौगोलिक मानांकन मिळालेला. तो कसा होतो हे पाहणे हाच एक अनुभव आहे. भट्टीवर मोठी पसरट कढई, खाली रसरसता जाळ. दूध उकळायला लागले की ते क्षणभरही थांबू द्यायचे नाही, नाहीतर बुडाला लागते. लांब दांड्याचा उलथणा सतत फिरत राहतो. दूध आटते, दाट होते, बुडबुडे मंद होतात, आणि शेवटी कडा सोडून गोळा मध्यावर जमतो. साधारण पाच लिटर दुधाचा एक किलो खवा. ज्या भागात पावसाचा भरवसा नाही तिथे दुधाने घरे तगली, आणि दूध नासण्याआधी टिकाऊ करायची ही युक्ती होती. पाहुण्याने तो तिथेच ताजा घ्यावा, पेढ्याच्या रूपात शहरातल्या दुकानातून नव्हे, म्हणजे मधला नफा करणाऱ्याच्या हाती राहील. इथे एक अडचणही मान्य करायला हवी. भट्ट्या लाकडावर चालत असतील तर खव्याची मागणी वाढली की झाडतोडही वाढते. सौर ऊर्जेवर किंवा वाफेवर चालणाऱ्या कढया उपलब्ध आहेत. 'पर्यावरणपूरक' म्हणून खवा विकायचा असेल तर ती गुंतवणूक आधी करावी लागेल, आणि सरकारी मदत सभामंडपापेक्षा तिथे जास्त कामी येईल.

मुक्कामाच्या बाबतीत महाराष्ट्रात दोन अनुभव हाताशी आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून समुद्री कासवांची अंडी राखायला सुरुवात केली आणि २००६ पासून कासव महोत्सव होऊ लागला. पिले समुद्राकडे जाताना पाहायला लोक येऊ लागले, तेव्हा गावाने हॉटेलाऐवजी घरे उघडली. पाहुणा गावकऱ्याच्या घरात उतरतो, घरचे शाकाहारी जेवण जेवतो. पूर्वी जी अंडी खायला आणि विकायला नेली जात ती आता गाव राखते, कारण जिवंत कासवात गावाचे हित आहे हे प्रत्येक घराला कळते. दुसरे उदाहरण अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीचे. तिथे काजव्यांच्या हंगामात पाहुणे पाळीपाळीने घरांना वाटून दिले जातात. त्याच तालुक्यात भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे पाहायला गाड्यांच्या रांगा लागल्या, दिव्यांच्या झोतांनी काजव्यांचा अंधारच गेला आणि वनखात्याला निर्बंध घालावे लागले. जीव तोच, हंगामही तोच. फरक एवढाच, की एकीकडे किती माणसे कुठे जातील हे गाव ठरवत होते आणि दुसरीकडे कुणीच ठरवत नव्हते. राज्याचे कृषी पर्यटन धोरणही २०२० मध्ये आले, शेतकऱ्याला आपले केंद्र नोंदवता येते. कायद्याची वाट मोकळी आहे.

आता दुसरा, कठीण आक्षेप. मराठवाड्यात पाहुणे बोलावायचे तर पाणी कुठून आणायचे? २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, आणि २०२५ च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागातच पुराने शेते खरवडली. चैत्रातली यात्रा ऐन टंचाईत येते. हा आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर पर्यटन वाढवू नका असे नाही, कुठल्या महिन्यांत आणि कशा प्रकारचे पर्यटन हवे ते नीट ठरवा, असे आहे. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत विहिरींना पाणी असते, शिवारात ज्वारी उभी असते, हुरडा लागतो, हवा सुखाची असते. मुक्कामाचे पाहुणे याच काळात घ्यावेत आणि पाऊस कमी झालेल्या वर्षी घेऊच नयेत. घरात उतरलेला पाहुणा एका बादलीत आंघोळ करतो. हॉटेलच्या खोलीत शॉवर, टब आणि रोज धुतलेल्या चादरी लागतात. म्हणून इथे घरगुती मुक्काम हा हौस म्हणून नव्हे, पाण्याच्या हिशेबानेच योग्य ठरतो. यात्रेच्या दिवसांत मात्र माणसे येणारच. त्यांच्यासाठी देवळाच्या आवारातच पुरेसे पिण्याचे पाणी हवे, म्हणजे बाटल्या येणार नाहीत आणि टँकरवर ऐनवेळी पैसे उडणार नाहीत.

तिसरा आक्षेप गावातूनच येतो आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: फायदा नेमका कुणाला होणार? देवळाशेजारी ज्याची जागा त्याचे दुकान, ज्याचे घर पक्के त्याच्याकडे पाहुणा, आणि वस्तीवरचा भूमिहीन माणूस यात्रेनंतर कचरा उचलायला. असेच होणार असेल तर 'स्थानिकांचा विकास' हे शब्द पोकळ आहेत. पाहुण्यांची पाळी लावताना सगळ्या वस्त्या धरल्या पाहिजेत, कुठल्याही जातीच्या घरची भाकरी खायला तयार नसलेल्या पाहुण्याला गावाने नम्रपणे नाही म्हणावे. साफसफाईचे काम मानाचे आणि नीट मोबदल्याचे असले पाहिजे, त्याचा करार पंचायतीने लेखी करावा. धाराशिव २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. इथल्या कुटुंबाला आणखी एका हंगामी कमाईची गरज किती आहे हे वेगळे सांगायला नको. पण ती कमाई ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्यांच्यापर्यंत पोचली नाही, तर जबाबदार पर्यटनाचा दावा गावाने करू नये, एवढे कडक राहायला हवे.

चौथा आक्षेप असा, की गरीब भाविकाकडून पैसे घेणे हे पाप आहे. मान्य. म्हणून चालत येणाऱ्याकडून, एसटीने येणाऱ्याकडून काही घेऊ नये. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचे अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट. म्हणजे सामान्य कुटुंबाला एसटी परवडते, आणि चार गाड्यांऐवजी एक बस आली तर धूर, आवाज आणि वाहनतळाखाली जाणारी जमीन सगळेच वाचते. घ्यायचे ते खाजगी चारचाकीने येणाऱ्याकडून. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामपंचायतीला यात्रेकरूंवर कर बसवण्याचा अधिकार दिलेला आहे. तो वापरताना पावती द्यावी आणि जमाखर्च देवळाच्या दाराशी, सगळ्यांना दिसेल असा लावावा: इतके आले, इतके माकडांच्या खाण्याला, इतके झाडांना, इतके सफाईला. जो माणूस हजारो रुपयांचे इंधन जाळून येतो तो पन्नास रुपये आनंदाने देतो, फक्त ते कुठे गेले हे त्याला दिसले पाहिजे.

कचऱ्याबद्दल थोडक्यातच. राज्यात २०१८ पासून आणि देशात २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे, तरी प्रसादाची पिशवी आणि चहाचा कप अजून तेच आहेत. माकडे ती पिशवी प्रसादासकट चघळतात. नुसत्या दंडाने हे थांबत नाही, हे केरळातल्या शबरीमलाने ओळखले. ते देवस्थान व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे. २०११ मध्ये तिथे 'पुण्यम् पूंकावनम्' हा उपक्रम केरळ पोलिसांच्या पुढाकाराने सुरू झाला. भाविकाने स्वतः थोडा वेळ सफाईला द्यायचा आणि आणलेले प्लास्टिक परत न्यायचे, हाच व्रताचा भाग मानायचा. पंढरीच्या वाटेवर निर्मल वारी या उपक्रमाने फिरती शौचालये उभी करून जे साधले, त्यामागेही हीच जाण आहे. सोनारीत प्रसाद पळसाच्या द्रोणात किंवा कागदात देता येईल, आणि कापडी पिशव्या शिवण्याचे काम बचत गटाला मिळेल.

कुणी म्हणेल, हे सगळे करून एका कुटुंबाच्या हाती वर्षाला किती येणार? शेतीची जागा घेईल इतके येणार नाही, आणि येऊही नये. ज्या गावाची सगळी चूल पर्यटनावर पेटते ते गाव पुढच्या साथीत किंवा दुष्काळात उपाशी राहते, हे आपण पाहिले. ज्वारी, दूध, शेळ्या यांच्या जोडीला चार महिन्यांची रोकड, मुलाच्या कॉलेजची फी निघेल एवढी, हेच माप योग्य. त्यासाठी सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाही. येत्या चैत्राच्या आधी ग्रामसभेत तीन ठराव झाले तरी सुरुवात होते: माकडांना खाऊ घालण्याची जागा, वेळ आणि ते काम करणारा गट, चारचाकीचा कर आणि त्याच्या जमाखर्चाचा फलक, आणि पाहुणे घ्यायला तयार असलेल्या घरांची यादी. उंबराची रोपे मात्र मृगाच्या पहिल्या पावसात लावावी लागतील, आणि पहिले काही उन्हाळे त्यांना हाताने पाणी घालणारे कोण, ती नावेही त्याच सभेत लिहून घ्यावी लागतील.